घोडी सरकारची, चंदी रयतेची

ब्रिटिश राजवटीने हिंदुस्थानच्या शेतीला विज्ञानाचा पहिला स्पर्श दिला, हे पालुपद अलीकडे पुन्हा मोठ्या आवाजात ऐकू येऊ लागले आहे. जातिवंत पैदाशीचे घोडे आले, धान्य निवडण्याच्या यंत्रांची माहिती आली, कृषिप्रदर्शने भरली, पदके वाटली गेली. एवढे सगळे ज्याच्या दारात आणून ठेवले तो शेतकरी मात्र अडाणी राहिला, असा या युक्तिवादाचा शेवट असतो. शहरी सुशिक्षितांना हा शेवट फार आवडतो, कारण त्यात दोष साम्राज्याचा राहत नाही आणि सावकाराचाही राहत नाही. म्हणून या घोड्यांचा आणि यंत्रांचा हिशेब एकदा नीट मांडणे अगत्याचे आहे.

प्रथम घोडे. हिंदुस्थानातला शेतकरी नांगर ओढतो तो बैलाकडून. मोट बैलाची, पाभर बैलाची, खळ्यावर तिवड्याभोवती फिरणारी पातही बैलांची. घोडा हे त्याचे औत नव्हेच. असे असताना ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस बिहारमध्ये पुसा येथे घोड्यांच्या पैदाशीचे मोठे केंद्र उभारले, ते कोणासाठी? उत्तर कंपनीच्या कागदपत्रांतच आहे आणि ते लपवलेलेही नाही. ते उत्तर घोडदळ आणि तोफखाना हे आहे. १८०८ साली या केंद्राचा प्रमुख म्हणून आलेला विल्यम मूरक्रॉफ्ट हा फ्रान्समधील लियाँ येथे शिकलेला, आपल्या विद्येत निष्णात असा पशुवैद्य होता. चांगल्या घोड्यांच्या शोधात तो थेट बुखाऱ्यापर्यंत गेला आणि १८२५ साली परतीच्या वाटेवर अफगाणिस्तानच्या उत्तर भागात मरण पावला. त्याच्या धडाडीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पुशाच्या आसपासच्या रयतेच्या वाट्याला या विद्येतून काय आले? कंपनीची घोडी सांभाळायची, तिच्या दाण्यापाण्याची आणि आजारपणाची काळजी वाहायची, आणि शिंगरू पसंतीस उतरले की ते कंपनीने ठरवलेल्या भावाने कंपनीलाच द्यायचे. वाढवण्याचा धोका कुणब्याचा आणि निवडीचा हक्क सरकारचा, असा हा व्यवहार होता. १८७० च्या दशकात हे केंद्र मोडीत निघाले. लष्कराला ऑस्ट्रेलियाचे घोडे सोयीचे वाटू लागले होते. केंद्र चालू ठेवावे की बंद करावे, हे ठरवताना शेतकऱ्याच्या गरजेचा प्रश्न कधी आलाच नाही.

याहून उघडा प्रकार पंजाबात घडला. झेलम नदीचा खालचा कालवा १९०१ साली सुरू झाला आणि आजच्या पाकिस्तानातील सरगोधा भागात नवी वसाहत वसू लागली. घोडे व खेचरे यांच्या पैदाशीचा विचार करण्यासाठी सरकारने नुकताच एक आयोग नेमला होता, आणि कालव्याखालच्या जमिनीतून लष्कराचे घोडे काढावेत, ही कल्पना त्यातून पुढे आली. जमीन हवी असेल तर पसंत ठरलेली घोडी बाळगली पाहिजे, सरकारी घोड्याकडून तिची पैदास करून घेतली पाहिजे, शिंगरू लष्करी अधिकाऱ्याला दाखवले पाहिजे, अशा अटी शेतकऱ्यावर लादल्या गेल्या. ही ‘घोडीपाल’ पद्धत. अट मोडली तर जमीन जाण्याची भीती. त्यावर कडी म्हणजे वारसाचा नियम. घोडीचा सांभाळ करण्याइतके शेत अखंड राहावे म्हणून ते थोरल्या मुलाकडेच जावे, असे ठरवण्यात आले. ज्या समाजात बापाच्या जमिनीवर सगळ्या मुलांचा सारखा हक्क मानला जात होता, तेथे एका घोडीसाठी भावाभावांत भिंत घातली गेली. हिंदू आणि मुसलमान यांच्या रूढींत आपण ढवळाढवळ करीत नाही, अशी ग्वाही हेच सरकार उठताबसता देत असे. (पलटणीच्या तबेल्याचा प्रश्न आला की ही ग्वाही कुठे जात असे, हे साम्राज्याचे आजचे वकील सांगत नाहीत.)

कालव्याच्या वसाहतींतील असंतोष १९०७ साली उफाळून आला. वसाहतीच्या जमिनींवरील सरकारी नियंत्रण आवळणारे विधेयक, वाढवलेली पाणीपट्टी आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांची लाचखोरी यांविरुद्ध लायलपूर आणि परिसर पेटला. ‘पगडी संभाल जट्टा’ हे नाव त्या चळवळीला त्याच वर्षी मिळाले. लाला लजपतराय आणि सरदार अजितसिंग यांना मंडालेला हद्दपार करण्यात आले. परंतु व्हाइसरॉय मिंटोला विधेयकाची संमती रोखावी लागली. विज्ञानाची देणगी मिळालेला शेतकरी देणगीदाराविरुद्ध असा उठतो कशाला, याचा विचार कृतज्ञतेचे पाठ देणाऱ्यांनी करावा.

महाराष्ट्रालाही हा धडा परका नाही. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोड्याची ख्याती मराठी फौजांबरोबर देशभर झाली होती. १८७५ च्या मे महिन्यात त्याच भीमथडी तालुक्यातील सुपे गावी शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सावकाराच्या घरातले कर्जरोखे ओढून काढले आणि जाळले. पुणे-नगर भागातल्या कुणब्याची नड काय होती, हे त्या होळीइतके स्पष्ट कोणत्याच अहवालात नोंदलेले नाही. तथापि जुन्या पागांचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. पेशवाईतल्या घोड्यांची चंदीसुद्धा रयतेच्या घरातूनच जात होती.

आता धान्य निवडण्याच्या यंत्राकडे वळू. घोड्याची गरज साम्राज्याला होती म्हणून घोडा शेतकऱ्याच्या माथी मारला गेला. चाळणीची गरज शेतकऱ्याला असती, तर ती कशी दूर ठेवली गेली, याची ही कथा आहे.

१८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि १८७३ साली गव्हावरील निर्यातकर उठवण्यात आला. मुंबई, कराची आणि कलकत्ता या बंदरांतून गहू विलायतेस वाहू लागला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली, तरी गव्हाच्या बोटी थांबल्या नाहीत. १८८१-८२ पर्यंत वर्षाची निर्यात सुमारे दहा लाख टनांवर गेली होती. १८८३ साली लंडनच्या मॅकडुगल बंधूंनी हिंदुस्थानी गव्हाचे दळून, भाजून प्रयोग केले. हा गहू कोरडा, त्याचे पीठ जास्त पडते, ते पाणी जास्त धरते आणि म्हणून पाव जास्त होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तक्रार एकच, की गव्हात माती, खडे आणि परके दाणे फार. झाले! हिंदुस्थानी शेतकरी घाणेरडा, त्याला धान्य साफ करण्याची अक्कल नाही, अशी ओरड सुरू झाली.

वस्तुस्थिती काय होती? लंडनच्या धान्यबाजारातील करारांत पाच टक्क्यांपर्यंत भेसळ गृहीतच धरलेली असे. मालात घाण त्याहून जास्त निघाली तर विकणाऱ्याला कपात सोसावी लागे. कमी निघाली तर जादा दाम मात्र मिळत नसे. म्हणजे स्वच्छ गहू पाठवणारा व्यापारी मूर्ख ठरे. परिणामी, खळ्यावर वाऱ्याला उभे राहून बायाबापड्यांनी सुपाने उफणलेला गहू बंदरापर्यंत जाता जाता पुन्हा मळवला जाई. करारातील सूट पुरती भरून काढण्यासाठी स्वच्छ गव्हात माती कालवली जात होती, हे खुद्द सरकारी चौकशीत पुढे आले. दहा लाख टनांवर पाच टक्के म्हणजे पन्नास हजार टन. सूट पुरती वापरली गेली, तर एवढी हिंदुस्थानची माती रेल्वेचे भाडे आणि बोटीचे नूर भरून टेम्सच्या काठी उतरत होती! आणि हे भाडे कोणाच्या भावातून वळते होत होते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

१८८९ साली लंडनच्या इंडिया ऑफिसात या प्रश्नावर परिषद भरली. करार बदला, स्वच्छ गव्हाला स्वच्छ गव्हाचा भाव द्या, एवढीच साधी सूचना होती. लंडनच्या व्यापाऱ्यांना ती मानवली नाही. त्यांची गोदामे, त्यांचे तंटे सोडवण्याचे नियम, त्यांच्या गिरण्यांतील धान्य धुण्याची आणि चाळण्याची यंत्रे या घाणीवर बेतलेली होती. माती नसलेल्या गव्हाचे करार रूढ व्हायला विसाव्या शतकाचे पहिले दशक उजाडावे लागले. तेव्हा ‘यंत्र आले, पण शेतकऱ्याने घेतले नाही’ हे विधान निखालस खोटे आहे. यंत्र कोठे बसवायचे, हे भाव ठरवतो, आणि भाव ठरवणारा लंडनमध्ये होता.

घोड्याची आणि गव्हाची गाठ पुढे त्याच पुशाला पडली, हा इतिहासाचा एक विलक्षण योग. घोडे गेल्यानंतर काही वर्षे तंबाखूला दिलेल्या त्या जमिनीवर कर्झनच्या काळात, १९०५ साली, कृषिसंशोधन संस्था उभी राहिली. अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने तेथे गव्हाचे उत्कृष्ट वाण निवडले. त्या कामाला कमी लेखणे अन्यायाचे होईल. पण नमुन्यांची परीक्षा इंग्लंडमधील गिरणीत होत होती, तेथला पाव कसा फुगतो यावर गुण मिळत होते, हेही विसरता येत नाही.

येथे पुरोगामी गोटातही एक सोपी चूक होते. परकीय सरकारने शेतीसाठी काहीच केले नाही, असे सभांतून ठोकून दिले जाते. तसे नव्हे. त्याने पुष्कळ केले आणि चिकाटीने केले. मॅकडुगल बंधू लंडनमध्ये गहू भाजत होते त्याच १८८३ साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्यात विज्ञानाला विरोध नाही. तलाव, बंधारे, शेतकऱ्याच्या मुलांना शिक्षण या मागण्या त्यात आहेत. पुढे १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासमोर ते शेतकऱ्याच्या वेशात उभे राहिले, ते या देशातली खरी प्रजा पाहुण्याला दाखवण्यासाठी. फुल्यांचे भांडण सुधारणेशी नव्हते. ती कोणाच्या गरजेने ठरते आणि तिचा खर्च कोण सोसतो, याच्याशी होते.

ते भांडण मिटलेले नाही. दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांनी २३ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘पगडी संभाल दिवस’ पाळला, तो केवळ आठवणीखातर नव्हे. महाराष्ट्रातील सोयाबीन उत्पादकाला हमीभावाच्या खरेदीत १२ टक्के ओलाव्याची अट पाळावी लागते. २०२४ च्या नोव्हेंबरात, निवडणुकीच्या तोंडावर, त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांवर नेली गेली. म्हणजे अट निसर्गाने घातलेली नव्हती, एवढे तरी कबूल झाले. ज्याचा माल अटीत बसत नाही तो आडत्याच्या दारी जातो आणि तेथे माती, काडीकचरा, ओलावा यांच्या नावाने भाव पाडून घेतो. चाळणी, वाळवणी आणि ताडपत्री यांचा खर्च त्याचाच. गावोगावी वाळवणीचे ओटे आणि धान्य चाळण्याची यंत्रे सार्वजनिक खर्चाने उभारावीत, ओलावा मोजण्याचे यंत्र शेतकऱ्यादेखत चालवावे, आणि ठरलेल्या प्रतीपेक्षा स्वच्छ, कोरडा माल आणणाऱ्याला त्या प्रमाणात जादा भाव मिळावा, ही मागणी प्रत्येक खरेदी केंद्रावर आणि बाजार समितीच्या प्रत्येक निवडणुकीत मांडली गेली पाहिजे. १८८९ साली लंडनच्या व्यापाऱ्यांनी नाकारली ती नेमकी यातली शेवटची गोष्ट होती.