केस पेपरवर आजीचाही रकाना हवा

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं.’ व्यसनमुक्ती केंद्रात मुलाला घेऊन आलेला बाप खुर्चीत टेकताच हे वाक्य टाकतो, आणि आपणही मान डोलावतो. गृहस्थ पन्नाशीला आलेले. त्यांच्या शाळकरी वयात मुंबई-पुण्यात गर्दच्या नशेनं घरंच्या घरं पोखरली होती. 1985 साली अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. तेव्हा ‘असलं’ काही नक्कीच होतं, फक्त ते त्यांच्या घरात नव्हतं.

त्या काळानं या पिढीच्या मनात गर्दुल्ल्याचं एक चित्र ठसवलं. पुलाखाली बसलेला, खंगलेला, घरातली भांडी विकणारा. बाप हेच चित्र मुलात शोधतो. मुलगा धडधाकट, क्लासला जाणारा, मार्क बरे. बाप निर्धास्त.

आमच्या एका समुपदेशक मैत्रिणीनं सांगितलेला प्रसंग. अकरावीतल्या मुलाच्या दप्तरात आईला हायलायटरसारखं काहीतरी सापडलं, आंब्याचा वास येणारं. ते व्हेप होतं. ई-सिगारेटवर 2019 पासून देशभर बंदी आहे, हे मुलाला माहीत होतं, आईला नव्हतं. ‘व्यसन आहे का?’ या प्रश्नाला त्यानं शांतपणे ‘नाही’ म्हटलं, आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी व्यसन म्हणजे बाबांची शनिवारची बाटली. बाबांच्या लेखी ती ‘सोशल’. सोबत आलेल्या आजीच्या पिशवीत मशेरीची डबी होती. तिला तर कुणी काही विचारलंच नाही.

आपल्या नशेला व्यसनातून सूट द्यायची आणि दुसऱ्या पिढीच्या नशेकडे बोट दाखवायचं, ही रीत तिन्ही पिढ्यांत सारखीच आहे. फरक पदार्थाचा आणि तो मिळण्याच्या वाटेचा. पूर्वी पानटपरीपर्यंत चालत जावं लागे आणि टपरीवाला बापाला ओळखत असे. आता मोबाइलवर मेसेज जातो आणि पार्सल घरपोच येतं.

नवी पिढी वाया गेली, हा सूरही आकड्यांपुढे टिकत नाही. 13 ते 15 वयाच्या शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत 2009 मध्ये 14.6 टक्के मुलं तंबाखूचं सेवन करणारी आढळली होती. 2019 मध्ये ती 8.5 टक्के होती. हे श्रेय त्या मुलांना द्यायला आपली जीभ जड का होते, कळत नाही. त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मात्र घरातल्या मोठ्यांनी वाचावी: ज्या मुलांनी खायचा किंवा लावायचा तंबाखू कधी ना कधी वापरला होता, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांची सुरुवात दहा वर्षांची होण्याआधीच झाली होती. तेवढ्या वयाचं पोर डबी कुठून उचलत असेल, हे सांगायला नको.

आणि जी मुलं आपल्या केंद्रांवर येतच नाहीत, त्यांचं काय? नशेच्या पदार्थांबद्दलच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त प्रमाण आढळलेला एकच प्रकार होता, हुंगायच्या पदार्थांचा. रुमालावर पंक्चरचं सोल्यूशन ओतणाऱ्या मुलाला हात धरून आणणारा बाप बहुधा नसतोच.

भीती घालून काम होईल, हेही आता विसरावं. कवटीचं पोस्टर पाहून मुलं हसतात. गांजा ओढणारा मित्र बारावीला पास झालेला त्यांनी पाहिलेला असतो. गांजा आणि एमडी (मेफेड्रोन) एकाच सुरात सांगितले की पहिल्याबद्दलची अतिशयोक्ती त्यांना लगेच कळते आणि दुसऱ्याबद्दलचं खरंही ती सोडून देतात. एमडी तर पार्टीपुरतं राहिलेलं नाही. जागं राहायला, बारीक व्हायला म्हणूनही ते हातात पडतं. तिथे आपला शब्द विश्वासाचा असायला हवा.

म्हणून केस पेपर बदलू या. ‘व्यसन आहे का?’ हा रकाना काढून टाकावा. त्याऐवजी पदार्थाचं नाव घेऊन विचारावं: व्हेप, हुक्का, गांजा, बिअर, खोकल्याचं औषध, व्हाइटनर, एमडी. कधी, कुणाबरोबर, कशासाठी. हे मुलाला एकट्याला विचारावं. बाप बाहेरच्या बाकावर बसलेला बरा. मग बापाला आत बोलवावं आणि तीच यादी त्याच्यापुढेही ठेवावी, मशेरी आणि गुटखा जोडून. आजी आली असेल तर तिलाही. बाप चिडेल. चिडला तर तेही नोंदवावं, ती माहितीच आहे.

तुमच्या केंद्रातला सध्याचा केस पेपर या महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. नावं-पत्ते नसलेले कोरे नमुने पुरेत. पुढच्या अंकात ते शेजारी शेजारी छापून नवा मसुदा सगळ्यांपुढे ठेवू.