गुडिसन पार्क : पाडण्यापासून वाचलेले मैदान

नवी वास्तू उभी राहिली की जुनीचे काय करायचे, हा प्रश्न आपल्यासारख्या जुन्या संस्थांना नवा नाही. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन फुटबॉल क्लबने २०२५ मध्ये त्याचे जे उत्तर दिले, ते आम्हांला विचार करण्याजोगे वाटते.

१८ मे २०२५ रोजी गुडिसन पार्कवर क्लबच्या पुरुष संघाने लीगचा अखेरचा सामना खेळला आणि साउदॅम्प्टनला २-० ने हरवून १३३ वर्षांच्या घराचा निरोप घेतला. आता तो संघ मर्सी नदीकाठच्या जुन्या गोदीच्या जागी बांधलेल्या, ५२ हजारांहून अधिक आसनांच्या स्टेडियमवर खेळतो.

हे जुने घर उभे राहिले ते भाड्याच्या भांडणातून. एव्हर्टन १८८४ पासून ॲनफील्डवर खेळत असे. तेथील जमीन क्लबचेच अध्यक्ष, मद्यव्यावसायिक जॉन हॉल्डिंग यांच्याकडे होती. वर्षाचे भाडे १०० पौंडांवरून २५० वर गेले, तेव्हा सभासद बिथरले. १८९२ मध्ये त्यांनी जवळच स्वतःचे मैदान उभारले. रिकाम्या ॲनफील्डसाठी हॉल्डिंग यांनी नवा क्लब काढला. तोच आजचा लिव्हरपूल!

गुडिसनने पुढे बरेच पाहिले. १९२७-२८ च्या हंगामात डिक्सी डीन यांनी लीगमध्ये ६० गोल केले. तो विक्रम आजही अबाधित आहे. १९४८ मध्ये लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याला ७८,२९९ प्रेक्षक होते. १९६६ च्या विश्वचषकात येथेच युसेबिओच्या चार गोलांमुळे पोर्तुगालने उत्तर कोरियाला ५-३ असे हरवले. पण चारही बाजूंना घरे आणि कोपऱ्यात सेंट ल्यूक चर्च. मैदानाला वाढायला वावच नव्हता.

मूळ योजना मैदान पाडून तेथे घरे व लोकोपयोगी सोयी उभारण्याची होती. मे २०२५ मध्ये नव्या मालकांनी ती बदलली आणि मैदान क्लबच्या महिला संघाला दिले.

यामागे एक जुनी बाकीही आहे. २६ डिसेंबर १९२० रोजी याच मैदानावर महिलांचा सामना पाहायला सुमारे ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना खेळण्यास बंदी केली. ती सुमारे ५० वर्षे टिकली.

आमचा जन्म हिशेबात गेला, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. जुन्या इमारतीची देखभाल स्वस्त नसते, आणि महिला संघाच्या सामन्यांना ती रोज भरणार नाही. आजूबाजूच्या वस्तीला ज्या घरांची व सोयींची आशा होती, तीही बाजूला पडली. तरीही निर्णय योग्यच वाटतो. मोडीत काढलेली मालमत्ता ताळेबंदात एकदाच पैसे दाखवते. वापरात राहिलेली माणसे जोडून ठेवते.

आपल्याकडेही जुनी सभागृहे विकण्याचे ठराव येतात. तेव्हा भावाआधी एक प्रश्न विचारावा : महिला शाखेला, मुलांच्या वर्गांना, तालमींना आजवर उरलेल्या वेळेतच जागा मिळाली का? तसे असेल, तर जुन्या वास्तूचा पहिला हक्क त्यांचा आहे.