तीन वह्या, एक नंबर



आकुर्डी, चाकण भागात नोकरीला जाणारी आपली मुलं-मुली हल्ली गावच्या दूध संस्थेचा हिशेब संगणकावर मांडून देतात. चांगलंच आहे. पण बरेचदा सभासदांची फाईल वेगळी, रोजच्या संकलनाची वेगळी, पेंड-उचलीची तिसरी, आणि तिन्हींत नावं नव्यानं टाइप केलेली! एकीकडे ज्ञानोबा, दुसरीकडे ज्ञानेश्वर. मग दुधाच्या पगारात एकाची उचल दुसऱ्याच्या नावावर कापली जाते, आणि दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईच्या हातात काहीच पडत नाही.

आपला सातबारा पाहा. त्यावरचा खाते क्रमांक आठ-अ कडे नेतो. तिथं त्या खात्याच्या गावातल्या सगळ्या जमिनी दिसतात. फेरफार क्रमांक नमुना सहाकडे नेतो. वह्या निरनिराळ्या, पण धागा नंबराचा. नावाचा नव्हे, कारण एका गावात एकाच नावाचे चौघे सहज निघतात.

संगणकावर हेच करा. प्रत्येकाला सभासद नंबर द्या, तो पुन्हा दुसऱ्याला देऊ नका. नाव-पत्ता फक्त सभासदांच्या फाईलमध्ये. बाकी दोन्हींत केवळ नंबर. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस वापरत असाल, तर संकलनाच्या फाईलमध्ये 'एक्स्टर्नल डेटा'मधून सभासदांची फाईल निवडा आणि तक्ता 'लिंक' करा. शेजारीच 'इम्पोर्ट'चा पर्याय असतो, तो घेऊ नका. इम्पोर्ट म्हणजे सातबाऱ्याची झेरॉक्स: मूळ नोंद बदलली तरी ती जुनीच राहते. लिंक म्हणजे तलाठ्याच्या मूळ दप्तरातच पाहणं.

म्हणूनच जपून. जोडलेल्या तक्त्यातली ओळ खोडली, तर ती मूळ फाईलमधूनच जाते. नुसती जोडणी काढून टाकली, तर मात्र मूळ माहितीला धक्का लागत नाही. ही दोन कामं पोरांना नीट समजावून सांगा, घाईत घोटाळा इथंच होतो.

मूळ फाईल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली किंवा तिचं नाव बदललं की जोडणी तुटते. घाबरू नका, माहिती जागेवर असते. 'लिंक्ड टेबल मॅनेजर'मधून नवा ठिकाणा दाखवायचा. पेन ड्राइव्हवर मूळ फाईल ठेवण्याची सवय मला बिलकूल पसंत नाही. आज तो एका अक्षराखाली दिसतो, उद्या दुसऱ्या. पेन ड्राइव्हवर नक्कल ठेवा, तीही तिन्ही फाईलींची एकाच दिवशी घेतलेली.

एक उणीव मात्र राहते. तक्ते एकाच फाईलमध्ये असले, तर नसलेला सभासद नंबर नोंदवू न देण्याचं बंधन अ‍ॅक्सेसमध्ये घालता येतं. फाईली वेगळ्या असल्या की ते घालता येत नाही. 47 ऐवजी 407 पडलं तरी संगणक गप्प बसतो. तेव्हा पगार काढण्याच्या आदल्या दिवशी 'फाइंड अनमॅच्ड क्वेरी' चालवून बिननावाचं दूध शोधा, आणि ते कोणाचं हे संकलनाच्या कागदी वहीवरून ठरवा. ती वही अजून रद्दीत घालू नका.