कलम 39 आणि नागलीचं बी

मे सरत आला की मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळच्या पठारावर राब भाजून झालेले असतात आणि घराघरांत नागलीचं बी बाहेर निघतं. ज्याचं कमी पडतं तो शेजारच्या पाड्यावर जातो, मापभर बी घेऊन येतो आणि सुगी झाली की परत करतो. ना पावती, ना पाकीट. विद्यापीठाचं सुधारित वाण गावात आलं तरी ते असंच हातोहात पसरतं. या देवघेवीला कायद्याचा आधार आहे आणि तो कायदा झाला एका आंतरराष्ट्रीय व्यापार करारापायी, हे फारसं कुणाला सांगितलं जात नाही.

15 एप्रिल 1994 रोजी माराकेशला जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सह्या झाल्या. पिकांच्या वाणांना पेटंट द्या, नाहीतर आपली स्वतःची परिणामकारक पद्धत उभी करा, असं त्यातल्या बौद्धिक संपदेच्या भागात लिहिलं होतं. सही झाली म्हणून करार आपल्याकडे आपोआप कायदा होत नाही. माणसाच्या हक्काला हात लावायचा तर संसदेनं कायदाच करावा लागतो आणि राज्यघटनेचं 253 वं कलम तिला तो अधिकार देतं. पेटंटच्या अर्जांबाबत सरकारनं नुसत्या प्रशासकीय सूचनांवर भागवून पाहिलं, तर 1997 मध्ये भारत जिनिव्हात याच संघटनेपुढच्या तंट्यात हरला.

बियाण्यांच्या बाबतीत मात्र संसदेनं नीट काम केलं. 1999 च्या अखेरीस आलेलं विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, तिथे शेतकऱ्यांच्या बाजूचं म्हणणं ऐकलं गेलं आणि 2001 च्या कायद्यात शेतकऱ्यांच्या हक्कांचं स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातलं कलम 39 सांगतं की नोंदणी झालेल्या वाणाचंही बी शेतकऱ्यानं राखावं, पेरावं, बदलून घ्यावं, वाटावं, विकावंसुद्धा. फक्त त्या वाणाचं लेबल लावून पाकिटात भरून विकता येत नाही. पेप्सिकोनं 2019 मध्ये गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर दावे लावले, तेव्हा शेतकऱ्यांनी हेच कलम पुढे केलं. कंपनीनं दावे मागे घेतले.

आता पुन्हा करारांचा हंगाम आहे. ब्रिटनबरोबर 24 जुलै 2025 रोजी सही झाली. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन या चार देशांबरोबरचा करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू आहे. युरोपातले देश अशा वाटाघाटींत ‘युपोव्ह’ या वाण संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1991 च्या नियमांचा आग्रह धरत आले आहेत. भारत त्या संघटनेचा सभासद नाही, आणि होऊही नये. त्या नियमांत संरक्षित वाणाचं राखलेलं बी आपल्याच शेतात पुन्हा पेरणं ही सरकारनं दिली तर मिळणारी सवलत आहे. शेजाऱ्याला बी देणं तर त्यात बसतच नाही. सूर्यमाळच्या पाड्यांवर जे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे, नेमकं तेच.

शेती हा राज्याचा विषय. पण करार अमलात आणायचा म्हटलं की 253 व्या कलमाच्या जोरावर संसद राज्याच्या यादीत शिरू शकते. अशा वेळी मोखाडा आणि जव्हारच्या हाती एक गोष्ट उरते. हे तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत, आणि संसदेचा कायदा अनुसूचित क्षेत्रात लागू करू नये किंवा बदल करून लागू करावा, असं जाहीर करण्याचा अधिकार त्या अनुसूचीच्या परिच्छेद 5 नं राज्यपालांना दिला आहे.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची आहे. कलम 39 ला धक्का लावणारं कुठलंही विधेयक येणार असेल तर त्याचा मराठी मसुदा आधी इथल्या ग्रामसभांमध्ये वाचला जावा, तोही भाताची आणि नागलीची आवणी चालू असताना नव्हे, लोक मोकळे असताना. आणि ग्रामसभांनी नाही म्हटलं, तर राज्यपालांनी परिच्छेद 5 वापरावा.