दंतपीडा हा उपहासाचा विषय नव्हे

ज्वर आला असतां घरचीं माणसें रोग्याच्या उशाशीं बसतात. पण दाढ दुखूं लागली म्हणजे तोच मनुष्य थट्टेचा विषय होतो. ‘दांतच तो, काढून टाक,’ एवढ्यावर लोक निकाल देऊन मोकळे होतात. ह्या निकालाविरुद्ध आज आम्ही लोकमताच्या न्यायासनापुढें अपील दाखल करीत आहों. कारण पुराव्याची छाननी न करतांच तो दिला गेला आहे.

दांताच्या गाभ्यांतील मज्जा चहूंकडून कठीण भिंतींत कोंडलेली असते. अन्यत्र सूज आली तर तिला पसरावयास जागा मिळते. येथें ती नसल्यामुळें दाब वाढून नस पिळवटते. अंग टेकतांच डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो व ठणका बळावतो. म्हणून रात्र हीच ह्या व्याधीची वेळ. झोप मोडली कीं मनाची सहनशक्ति खचते आणि खचलेल्या मनाला तीच वेदना अधिक तीव्र भासते. उलटपक्षीं, चिंताग्रस्त माणसें पुष्कळदां झोपेंत दांत करकरां चावतात. त्यानें दांत झिजतात व जबडा दुखतो. वेदनेनें चिंता आणि चिंतेनें वेदना, असें हें रहाटगाडगें आहे.

तें वयपरत्वें निरनिराळ्या रीतीनें फिरतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणें जगांतील सुमारें ५१ कोटि मुलांचे दुधाचे दांत किडलेले आहेत. बालकाला आपली वेदना नेमक्या शब्दांत सांगतां येत नाहीं. तें ताट दूर सारतें, चिडतें, वर्गांत त्याचें चित्त लागत नाहीं. आम्ही त्याला हट्टी ठरवून शिक्षा करतों! अपराधावांचून दंड, तो हाच. तरुणांची अक्कलदाढ बहुधा सतराव्या वर्षापुढें, म्हणजे ऐन परीक्षेच्या व नोकरीच्या विवंचनेंत डोकें वर काढते. मजुराची चिंता आणखी वेगळी. दवाखान्यांत गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. मग दुखणें दाबण्यासाठीं आमच्या कित्येक भगिनी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनें ठणका क्षणभर बधिर होतो, पण व्यसन जडतें आणि मुखाच्या कर्करोगाचा धोका पदरीं येतो. वृद्धांचें तोंड अनेक औषधांमुळें कोरडें पडतें व लाळेचें संरक्षण गेल्यानें दांत किडतात. चावतां येत नाहीं म्हणून ते पंगत टाळतात आणि हळूहळू एकाकी होतात; स्मृति गेलेल्यांस तर कोठें दुखतें हेंही सांगतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, क्षय व कुपोषण उभे असतां दांतांची मातब्बरी काय? आमचें उत्तर असें कीं, जो रोग आरंभीं अल्प खर्चांत आटोक्यांत येतो, त्याची हयगय करणें हीच मोठी उधळपट्टी होय. आज लहान छिद्र बुजविलें नाहीं तर उद्यां त्या दांताच्या मुळाशीं हात घालावा लागतो, आणि तो खर्च गरिबाला झेपत नाहीं.

विद्या व कायदा ह्यांची वाण नाहीं. मुंबईस नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय १९३३ सालीं निघालें. दंतवैद्यांचा कायदा १९४८ सालीं झाला. राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रमही २०१४ पासून सुरू आहे. परंतु दंतवैद्य शहरांत एकवटले आहेत आणि दुखणारी दाढ खेड्यांतही आहे. म्हणून आमचें मागणें स्पष्ट आहे. प्रत्येक शाळेंत वर्षांतून एकदां दांतांची तपासणी होऊन तिचा निष्कर्ष पालकांस सोप्या मराठींत कळवावा. तालुक्याच्या रुग्णालयांत दंतवैद्याची जागा रिकामी राहूं देऊं नये. मिश्रीविरुद्धचा प्रचार घरोघर स्त्रियांमार्फतच व्हावा.

सरकारनें आपलें काम करावें. पण आपल्या वांट्याचें काम घरांतूनच सुरू होतें. सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं दांत घासण्यास आणि मुलांचा गोड खाऊ आवरण्यास कोणत्याही सरकारी ठरावाची आवश्यकता नाहीं. आणि घरांतील मूल वा म्हातारें माणूस विनाकारण चिडूं लागलें, तर त्याच्या स्वभावाला दोष देण्यापूर्वीं त्याचें तोंड तपासावें. साक्ष घेतल्यावांचून शिक्षा सुनावणें हा न्याय नव्हे. तो घरांतही नव्हे.