कंत्राट : नवं वतन

पांढरपेशे पंडित सांगतात : पोरांत स्किल नाही, म्हणून बेकारी. साफ थाप! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२४चा अहवाल काढा. २०२२ साली भारतात निरक्षर तरुणांत बेकारी ३.४ टक्के, पदवीधरांत २९.१. निरक्षराला बेकार बसणं परवडतच नाही, तो पडेल ते ओझं उचलतो. मी मॅट्रिक होऊन तेच उचलतोय. मुंबईच्या गोदीत, कंत्राटावर. माझ्या टोळीत धाराशिव जिल्ह्यातली बी.ए. झालेली पोरं आहेत. कळंब-भूम-वाशीकडनं त्यांचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पोराच्या हातात कोयता नको म्हणून शिकवलं. पोराच्या पाठीवर पोतं आलं.

२०२३च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांवर. फी हजार रुपये, मागासवर्गीयांना नऊशे. शंभराची सवलत! बेकारांच्या खिशातनं किती कोटी गेले, हिशेब तुम्हीच करा.

त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सरकारनं नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा आदेश काढला. पोरं रस्त्यावर आली. २० ऑक्टोबरला तो रद्द केल्याचं जाहीर करावं लागलं. कागद गेला, कंत्राट गेलं नाही. दवाखान्यात, पालिकेत, झाडू मारायला, गाडी चालवायला कंत्राटीच माणसं. एजन्सीच्या भरतीत आरक्षण विचारतो कोण? घटनेतलं कलम १६(४) जागच्या जागी आहे; कायमच्या जागा तेवढ्या गायब.

१९४१ साली बाबासाहेब आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला आले, महार-मांगांच्या परिषदेला. तेव्हा वतन होतं : हाक आली की राबायचं, मोबदल्यात भाकरतुकडा. आज कंत्राट आहे : मुकादमानं बोलावलं तर काम, नाहीतर घरी बसा. वतन जन्मानं मिळायचं, कंत्राट डिग्री घेऊन मिळतं. एवढीच प्रगती!

मोरोक्कोत बेकार पदवीधरांनी १९९१ साली स्वतःची देशव्यापी संघटना काढली. आपण अजून झेरॉक्सच काढतोय.

फॉर्म भरू नका असं मी म्हणत नाही. भरा. पण एकेकटे रांगेत उभे राहून रांग हलत नसते. टोळीनं झेडपीत जा, पालिकेत जा. विचारा : मंजूर जागा किती, रिकाम्या किती, कंत्राटी किती, त्यात आपले किती? माहिती अधिकाराचा कायदा २००५चा आहे, अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तर आलं की चौकात मोठ्यानं वाचा, मग मोर्चा काढा.

नऊशेचे फॉर्म भरून थकलेल्यांनो, एकदा हा दहाचा भरा!