कोल्हापूर-नागपूर : किती किलोमीटर, किती तास?

कोल्हापूर ते नागपूर हवाई अंतर साधारण 700 किलोमीटर. ताशी 800 किलोमीटर वेगाने भागले की उत्तर येते बावन्न-त्रेपन्न मिनिटे. या भागाकाराच्या जोरावर ‘तासाभरात विदर्भ’ म्हणणाऱ्यांचा हिशोब मला मान्य नाही.

तो वेग मोठ्या जेट विमानाचा, तोही उंचावर स्थिरावल्यानंतरचा. छोट्या विमानतळांवर सर्रास दिसणारे पंख्यांचे एटीआर-72 ताशी सुमारे 500 किलोमीटरने जाते. त्याला या अंतरासाठी हवेतच दीड तासाच्या आसपास लागतो. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, हवाई मार्गही नकाशावरच्या रेषेइतका सरळ नसतो. वेळापत्रकातला वेळ तर विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जाऊन थांबेपर्यंतचा असतो, म्हणजे धावपट्टीपर्यंत सरकणे आणि तिथे खोळंबणेही त्यात आले. त्याआधी कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ गाठणे, तपासणी, आणि पुढे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर सामानाची वाट पाहणे. घरातून निघून नागपुरात कामाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत पाच तास धरावेत.

‘मग विमान हवे कशाला, सगळा वेळ विमानतळावरच जातो’ असे म्हणणारेही आहेत. मुंबई-पुण्यासाठी त्यांचे म्हणणे खरे आहे. कोल्हापूर-नागपूरला ते लागू करणे मात्र अन्याय आहे. महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा वळसा घेत चोवीस तासांहून अधिक वेळाने नागपूरला पोहोचते. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात गाऱ्हाणे मांडायला निघालेल्या माणसाचे जाण्यायेण्यातच दोन दिवसांहून जास्त जातात. पाच तास जमेस धरूनही त्याचे दोन्ही बाजूंनी मिळून दीड दिवसाहून अधिक वाचते. एवढी बचत मुंबईच्या विमानातही नाही, कारण मुंबईला रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये झोपले की सकाळी उतरता येते.

म्हणून माझा आग्रह मुंबईला वगळून जाणाऱ्या आडव्या मार्गांचा आहे. मुंबईत विमान बदलायचे तर 310 अधिक 685, म्हणजे जवळजवळ 1000 किलोमीटर उडायचे, आणि पुढच्या विमानाची वाट पाहत तास घालवायचे. थेट मार्गापेक्षा 300 किलोमीटर जास्त, तेही आधीच तुंबलेल्या विमानतळावरून!

एवढे अंतर थेट विमानाने जोडले, तरी तो मार्ग टिकला पाहिजे. छोटी शहरे विमानाने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत 774 मार्ग दिले गेले. 2023 च्या कॅग अहवालानुसार त्यांतले 371 सुरू झाले आणि तीन वर्षांची सवलत संपल्यावरही चालू राहिलेले फक्त 54. उद्घाटनाला फीत कापणाऱ्यांनी हा आकडा वाचावा. मार्ग बंद पडला की माणूस पुन्हा त्या चोवीस तासांच्या गाडीत बसतो. त्याच्यासाठी 700 किलोमीटरला काही अर्थ उरत नाही.

तेव्हा आडव्या मार्गांवरच्या विमानांना अनुदान देताना सरकारने उड्डाणाच्या मिनिटांऐवजी घरापासून कामापर्यंतचे तास मोजावेत, आणि त्याच प्रवासाला रेल्वेने किती तास लागतात ते शेजारी ठेवावे. जिथे फरक सर्वांत मोठा, तिथे सवलत तीन वर्षांवर तोडू नये. विमानाची वेळही सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल अशी असावी.